साठीत पोलिओचा पाय पुन्हा अशक्त होतोय: मोटर न्यूरॉनचं काम कुणी समजावून सांगेल का?

गुळपोळी

नमस्कार मंडळी. धागा चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

माझ्या मामांना दीड वर्षाचे असताना पोलिओ झाला. उजवा पाय बारीक राहिला, पण माणूस काटक. सोलापुरात आयुष्यभर कापडाचं दुकान सांभाळलं, लुनावरून गावभर उधारी वसूल केली, कधी कुणाचा हात धरून चालले नाहीत. आता वय ६१. गेली दोन-तीन वर्षं जिना चढताना पाय भरून येतात. त्यातही जास्त तक्रार डाव्या पायाची, जो आजवर ‘चांगला’ पाय होता. साखर नाही. मणक्याचा एमआरआय वयाला साजेसा. न्यूरॉलॉजिस्टांनी ईएमजी (स्नायूत सुई घालून करतात ती विजेची तपासणी) करायला लावली, तर रिपोर्टात दोन्ही पायांत ‘जायंट मोटर युनिट्स’ असं लिहून आलंय. डॉक्टर म्हणाले, पोस्ट-पोलिओ आहे, फार दमू नका. बाहेर पेशंटांची ही रांग, त्यामुळे पुढचं विचारायचं राहूनच गेलं.

मला न उलगडणारं कोडं असं: पोलिओ होऊन साठ वर्षं झाली, मग आत्ता काय बिघडतंय? युनिटं ‘जायंट’ असतील तर ताकद जास्त हवी ना? आणि ही मोटर न्यूरॉनची भानगड मुळात चालते कशी? शाळेत चेतापेशीची आकृती काढून नावं दिली होती, त्यापुढे पाटी कोरी.

झोपाळू

वाचतोय.

अवांतर: माझी उजवी पापणी आठवडाभर लवतेय. आजी म्हणते धनलाभ. गूगल म्हणतो मोटर न्यूरॉन डिसीज. दोघांतलं कोण बरोबर ते जाणकारांनी सांगावं.

टाचदुखी

मी न्यूरो-फिजिओथेरपी करते. मामांना तपासलेलं नाही, त्यामुळे उपचारांबाबत त्यांच्या डॉक्टरांचंच ऐका. पण ‘जायंट असून ताकद कमी कशी’ हा प्रश्न नेमक्या जागी बोट ठेवणारा आहे, म्हणून सविस्तर लिहिते. चहा घेऊन बसा.

हातापायांतल्या स्नायूचा एकही तंतू आपल्या मनाने आखडत नाही. (हृदयाचा स्नायू वेगळ्या जातीचा, तो इथे नको.) त्याला इशारा लागतो, आणि तो देणारी चेतापेशी म्हणजे मोटर न्यूरॉन. पायांच्या या पेशी कमरेच्या वरच्या बाजूला, मेरुरज्जूच्या पोटाकडच्या अंगाला बसलेल्या असतात. पेशी नुसत्या डोळ्यांना न दिसणारी, पण तिचा ॲक्सॉन नावाचा धागा तिथून निघतो तो थेट पावलापर्यंत जातो. उंच माणसात मीटरभर लांब! त्यातून संदेश सेकंदाला साधारण ५० मीटर वेगाने जातो, म्हणजे पावलापर्यंत पोचायला सेकंदाचा पन्नासावा भाग पुरतो.

स्नायूत शिरल्यावर या धाग्याला फांद्या फुटतात आणि एकेक फांदी एकेका तंतूपाशी जाऊन थांबते. एक पेशी आणि तिच्या ताब्यातले सगळे तंतू मिळून एक मोटर युनिट. ही कल्पना ब्रिटिश शास्त्रज्ञ शेरिंग्टन यांनी १९२५ च्या सुमारास मांडली. युनिटं सगळीकडे सारखी नसतात. डोळा फिरवणाऱ्या स्नायूत एका पेशीकडे दहाएक तंतू, पंजातल्या छोट्या स्नायूत शंभरेक, पोटरीत हजार ते दोन हजार. म्हणून नजर केसभर सरकवता येते. पोटरीकडून तसल्या नाजूक कामाची अपेक्षा ठेवू नये. पेशी चेतली की तिचे सगळे तंतू एकदमच आखडतात, अर्धेमुर्धे काही नाही.

मग कमी-जास्त जोर आपण लावतो कसा? एक तर किती पेशी कामाला लागतात त्यावर, आणि दुसरं म्हणजे प्रत्येक पेशी सेकंदाला किती वेळा इशारा देते त्यावर. हलक्या कामात सेकंदाला आठ-दहा इशारे, जोर लावल्यावर तीस किंवा त्याहूनही जास्त. पेशी कामाला लागतात त्याही ठरलेल्या क्रमाने, लहान आधी आणि मोठ्या शेवटी. हे हेनेमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५७ मध्ये मांडलं आणि १९६५ मध्ये सविस्तर दाखवलं. लहान पेशींचे तंतू मंद पण न दमणारे. नुसतं उभं राहायला तेवढे पुरतात. मोठ्या पेशींचे तंतू दांडगे पण लगेच थकणारे. बस पकडायला धावताना त्यांची पाळी येते. कुणाला किती बोलवायचं याचा हिशेब आपल्याला करावा लागत नाही, पेशींच्या आकारातच तो बसवलेला आहे.

आता पोलिओ. संसर्ग झालेल्या साधारण दोनशे मुलांत एखाद्यालाच लुळेपणा येतो, पण ज्याला येतो त्याच्या मेरुरज्जूतल्या नेमक्या याच मोटर पेशी विषाणू मारतो. संवेदनेच्या पेशी सुखरूप राहतात. मामांच्या बारीक पायावर डास बसला तर त्यांना ते अगदी नीट कळत असणार.

मेलेली पेशी परत येत नाही. तिचे हजारभर तंतू अनाथ होतात. पण पुढच्या काही आठवड्या-महिन्यांत शेजारच्या जगलेल्या पेशींच्या फांद्यांना नवे कोंब फुटतात आणि त्या या अनाथांना पदरात घेतात. समजा एका पेशीकडे आधी हजार तंतू होते, आता तिच्याकडे चार-पाच हजार झाले. पोलिओनंतरच्या वर्षा-दोन वर्षांत मुलं बरीच सुधारतात ती मुख्यतः याच जोरावर. निम्म्याहून जास्त पेशी गेल्या तरी उरलेल्यांनी असं भरून काढल्यामुळे ताकद वरवर ठीक वाटू शकते. तुमच्या मामांचा ‘चांगला’ डावा पाय असाच असणार. त्यालाही तेव्हा फटका बसला होता, फक्त कुणाच्या लक्षात आला नाही.

तर ‘जायंट’ म्हणजे हे. तंतू वाढलेले नाहीत, ते सांभाळणाऱ्या पेशी कमी झाल्या आणि प्रत्येकीच्या वाट्याला जास्त आले. ईएमजीत ते कसं दिसतं तेही सांगते. स्नायूत बारीक सुई घालतात, यंत्राला स्पीकर असतो. पाय सैल सोडला की निरोगी स्नायू गप्प. ‘हळूच पाऊल वर घ्या’ म्हटलं की टक, टक, टक असा एका युनिटचा आवाज आणि पडद्यावर एक-दोन मिलिव्होल्टची रेघ. जुन्या पोलिओत तीच रेघ दहा मिलिव्होल्टच्या वर जाते आणि आवाज दणकट येतो. मग सांगतात, ‘आता पूर्ण जोर लावा.’ निरोगी माणसात शेकडो युनिटं एकदम बोलायला लागल्याने पडदा गच्च भरतो. मामांच्या बाबतीत त्याच दोन-तीन उंच रेघा भराभर येत राहिल्या असतील आणि मधली जागा मोकळीच. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी बराच वेळ तो पडदाच बघत राहिले होते.

साठीत काय होतं? सगळ्यात मान्य स्पष्टीकरण असं की झेपेल त्याहून कित्येक पट तंतू सांभाळत आलेल्या या पेशींना ते सगळे कोंब जिवंत ठेवणं जमेनासं होतं, आणि टोकाकडून एकेक फांदी सुकते. शिवाय साठीनंतर सगळ्यांच्याच थोड्याफार मोटर पेशी कमी होत जातात. तुमच्या-माझ्याकडे शिल्लक असते, ते जाणवत नाही. मामांची शिल्लक दीड वर्षाचे असतानाच खर्च झाली.

शंकासुर

दंडवत. पण दोन शंका. विषाणू आत लपून बसला नसेल कशावरून? कांजिण्यांचा विषाणू असाच वर्षानुवर्षं दडून बसतो आणि म्हातारपणी नागीण होऊन बाहेर येतो. दुसरं, एवढ्या लांबलचक प्रतिसादात मेंदू कुठेच आला नाही. आम्ही तर शिकलो की मेंदू हुकूम देतो.

टाचदुखी

कांजिण्यांचा विषाणू संवेदनेच्या पेशींमध्ये झोपून राहू शकतो, पेशीला न मारता. पोलिओच्या विषाणूची ती रीत नव्हे. पोस्ट-पोलिओ हा नवा संसर्ग नाही आणि तो दुसऱ्याला लागत नाही. मामांनी नातवंडांना खुशाल मांडीवर घ्यावं. (भारतात जंगली पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्याला सापडला, मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. पण लहानपणी पोलिओ झालेले लाखो लोक आता पन्नाशी-साठीत आहेत, आणि पोस्ट-पोलिओ हे नाव त्यांतल्या बहुतेकांच्या कानावरही गेलेलं नाही.)

मेंदू मुद्दामच मागे ठेवला होता. मेंदूत वरच्या मोटर पेशी असतात. त्यांचे धागे खाली येतात, मानेच्या वर बहुतेक धागे बाजू बदलतात, आणि मेरुरज्जूत उतरून खालच्या पेशींना चेतवतात. पण खालची पेशी फक्त मेंदूचंच ऐकते असं नाही! एकेका पेशीवर हजारो जोडण्या येतात: इच्छेच्या, तोल सांभाळण्याच्या, त्वचेकडून, खुद्द स्नायूकडून, आणि ‘गप्प बस’ म्हणणाऱ्याही. सगळ्यांची बेरीज-वजाबाकी होऊन ती पेशी चेतते किंवा चेतत नाही. त्यापलीकडे स्नायूकडे जायला दुसरी वाट नाही. शेरिंग्टन यांनी १९०६ मध्येच या पेशीला सगळ्यांची शेवटची सामाईक वाट म्हटलं होतं.

मेंदूवाचून काय चालतं ते गुडघ्यावर बघा. पाय लोंबकळता ठेवून बसायचं, गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेवर हातोडी मारायची. कंडरा दबते, मांडीचा पुढचा स्नायू किंचित ताणला जातो. स्नायूच्या आत ताण मोजणाऱ्या बारीक रचना असतात, त्या मेरुरज्जूला कळवतात. तिथे तो निरोप मध्यस्थाशिवाय थेट मोटर पेशीवर आदळतो आणि पाय उडतो. त्याच क्षणी मांडीच्या मागच्या स्नायूच्या पेशींना गप्प केलं जातं, नाहीतर दोघे एकमेकांविरुद्ध ओढत बसतील. पाय उडाला हे मेंदूला नंतर कळतं. पाय नीट उडत नसेल तर आम्ही पेशंटला दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरात ओढायला सांगतो. वरून येणारी चेतना वाढते आणि झटका चांगला येतो. घरी करून बघा, हातोडीऐवजी तळहाताची कड चालते.

यातूनच डॉक्टर ओळखतात की बिघाड वर आहे की खाली. पक्षाघातात वरच्या पेशी जातात, खालच्या शाबूत. सुरुवातीचे दिवस-आठवडे सोडले तर हात-पाय कडक होतात, गुडघा जरुरीपेक्षा जास्त उडतो, स्नायू फारसा झडत नाही. पोलिओत खालच्या पेशी गेल्या, म्हणून पाय सैल, बारीक, आणि हातोडी मारली तरी ढिम्म.

तैलधारा

हा सगळा वाताचा प्रकोप आहे. रोज बला तेलाने मालिश करा आणि शेक घ्या, चाळीस दिवसांत फरक दिसेल. ॲलोपथीवाले सुया टोचून नुसती नावं देतात.

टाचदुखी

मालिश जरूर करा. पोलिओच्या पायाला रक्तपुरवठा कमी असतो, तो गार पडतो, दुखतो, त्याला ऊब बरी वाटते. मेलेली चेतापेशी तेलाने उठत नाही, चाळीस दिवसांत नाही आणि चारशेतही नाही.

भूलथापा

मी भूलतज्ज्ञ. (हो, आयडी मुद्दाम घेतलाय.) टाचदुखीताईंनी ‘फांदी तंतूपाशी जाऊन थांबते’ असं लिहून पुढे धाव घेतली, पण माझं पोट त्या थांबण्याच्या जागेवर भरतं, म्हणून दोन शब्द.

फांदी तंतूला चिकटत नाही, मध्ये फट असते. मिलिमीटरचे वीस हजार भाग केले तर त्यातला एक, एवढी. वीज ती ओलांडत नाही. संदेश आला की फांदीच्या टोकातल्या पिशव्या फुटतात आणि ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन फटीत सांडतं, समोरच्या तंतूवरच्या ग्राहकांवर (म्हणजे रिसेप्टरवर) बसतं, आणि तंतू आखडतो. हे रसायन तिथेच पडून राहिलं तर स्नायू मोकळा कसा होणार? म्हणून फटीत एक विकर (एन्झाइम) असतं, ते मिलिसेकंदात त्याचे तुकडे करतं. स्नायूला इशारा देणारं रसायन हेच, हे डेल, फेल्डबर्ग आणि मार्थे फोग्ट यांनी १९३६ मध्ये सिद्ध केलं. त्याच वर्षी डेल यांना ओटो लोवी यांच्यासह नोबेल मिळालं.

ऑपरेशनच्या वेळी पोट सैल पडावं म्हणून आम्ही ज्या औषधाने स्नायू ढिले करतो ते या ग्राहकांवर जाऊन बसतं, ॲसिटिलकोलीनला जागाच राहत नाही. दक्षिण अमेरिकेतले आदिवासी बाणांना लावत त्या क्युरारेची ही भावंडं. औषध किती चढलंय ते कसं बघायचं? मनगटावर करंगळीच्या बाजूला दोन इलेक्ट्रोड लावतो आणि अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने चार झटके देतो. अंगठा चारदा हलतो. औषध चढायला लागलं की आधी चौथा झटका मंदावतो आणि नाहीसा होतो, मग तिसरा, मग दुसरा. ऑपरेशन संपताना उलट क्रमाने परत येतात. चौथ्या झटक्याला अंगठा पहिल्याइतकाच दणदणीत हलेपर्यंत मी श्वासाची नळी काढत नाही. सर्जन घड्याळ बघत उभे असले तरी.

नागाच्या विषातला एक घटकही असाच ग्राहकांवर बसतो. मण्यारीचं विष मात्र पलीकडच्या बाजूला, फांदीच्या टोकालाच उद्ध्वस्त करतं. म्हणून नाग चावलेल्या माणसात प्रतिविषासोबत निओस्टिग्मिन (फटीतलं ते विकर रोखणारं औषध) दिलं की मिटलेल्या पापण्या उघडताना दिसू शकतात. मण्यारीत त्याचा फारसा उपयोग होत नाही. टोकं पुन्हा उगवेपर्यंत माणसाला व्हेंटिलेटरवर तगवावं लागतं. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, धड दुखतही नाही. सकाळी पोटात दुखतं, पापण्या जड होतात. कोकणात किंवा कुठेही असं दिसलं तर खूण सापडो न सापडो, थेट दवाखाना.

बोरीअरब

मॅडम, हे वाचून एक जुनी गोष्ट डोक्यात आली. आमचा यवतमाळ जिल्हा. २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करता करता माणसं दवाखान्यात भरती होऊ लागली, जिल्ह्यात वीसेक जण गेले. आमच्या शेजारच्या गड्यालेही लागलं. तोंडातून लाळ, घामानं ओला, बुबुळ टाचणीएवढं, मांड्या कातडीखालून फडफडत. ॲट्रोपिन देऊन देऊन लाळ थांबली, घाम थांबला, उठून बसला, घरच्यांनी नारळ फोडला. अन् तिसऱ्या दिवशी उशीवरून मानच उचलेना. मग दम तुटायले लागला, मशीनवर ठेवला. पुढं वाचला. पण गावात सगळे म्हणत की दवाखान्यानंच काही तरी घोळ केला. बरा होत आलेला माणूस असा कसा पडला? तुमच्या त्या फटीशी याचा काही संबंध हाय का?

भूलथापा

थेट संबंध आहे. मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातली कीटकनाशकं फटीतलं ते विकरच बंद पाडतात. ॲसिटिलकोलीन साचत जातं. ग्रंथींमध्ये साचलं की लाळ, घाम, छातीत पाणी. स्नायूंमध्ये साचलं की आधी फडफड, आणि मग सतत चेतवून चेतवून स्नायू प्रतिसाद द्यायचंच सोडतो.

आता खाचखळगा इथे आहे. ग्रंथींवरचे ॲसिटिलकोलीनचे ग्राहक एका प्रकारचे आणि हातापायांच्या स्नायूंवरचे दुसऱ्या प्रकारचे. ॲट्रोपिन फक्त पहिल्यांवर चालतं. लाळ-घाम थांबून पेशंट सुधारला असं दिसतं, पण स्नायूंच्या फटीत काय चाललंय याला ॲट्रोपिन हातही लावत नाही. विषबाधेनंतर साधारण एक ते चार दिवसांत मान, खांदे-मांड्यांचे वरचे स्नायू आणि श्वासाचे स्नायू लुळे पडण्याचा हा प्रकार श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी १९८७ मध्ये नीट वर्णन करून ठेवला. मान न उचलणं हीच त्याची पहिली खूण. म्हणून आम्ही अशा पेशंटला रोज सकाळ-संध्याकाळ ‘उशीवरून डोकं उचला बघू’ म्हणतो. तुमच्या गड्याच्या बाबतीत घोळ झाला होता की नाही हे मी इथे बसून सांगू शकत नाही, पण बरा वाटणारा माणूस तिसऱ्या दिवशी असा पडणं हा त्या विषाचाच स्वभाव आहे. अशा माणसाला घरी न्यायची घाई करू नये एवढं गावात जरूर सांगा. आणि उघड्या अंगाने, वाऱ्याच्या तोंडी फवारू नये. हे विष कातडीतून आत जातं, भिजलेला सदरा अंगावर वाळवला की तासन्‌तास जात राहतं.

बोरीअरब

सांगतो मॅडम. सदऱ्याचं तर सगळेच तसं करतात.

बेंचप्रेस

जरा हलकं. जिम सुरू करून महिना झाला. वजन चांगलंच वाढवलंय, पण दंड टेपने मोजला तर तेवढाच. ट्रेनर म्हणतो प्रोटीन कमी पडतंय, डबा घे. खरंय का?

टाचदुखी

डबा विकणारा तोच असेल तर उत्तर तुम्हालाच माहीत आहे. पहिल्या काही आठवड्यांची वाढ बरीचशी चेतासंस्थेची असते. आधी जोर लावूनही ज्या मोठ्या पेशी पूर्ण कामाला येत नव्हत्या त्या यायला लागतात, त्यांचे इशारे भराभर येतात, आणि विरुद्ध बाजूच्या स्नायूची आडकाठी कमी होते. तंतू जाड व्हायला त्यानंतर वेळ लागतो. चालू ठेवा.

धायरीकर

आमच्याकडे जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रोड परिसरात गिया-बारेचे (जीबीएस, अचानक हातापायांची ताकद जाण्याचा आजार) पेशंट निघाले तेव्हा आमचे बाबाही त्यात होते. आधी जुलाब, मग दहाएक दिवसांनी पावलं बधिर, दोन दिवसांत मांड्यांपर्यंत ताकद गेली. आयव्हीआयजी (शिरेतून देतात ती प्रतिपिंडं) दिलं, सहा-सात महिन्यांत चालायला लागले. हेही मोटर न्यूरॉनचंच ना? मग बाबा बरे कसे झाले आणि पोलिओचे पाय का होत नाहीत?

टाचदुखी

बाबा चालायला लागले हे वाचून बरं वाटलं. फरक असा की गिया-बारेत पेशी मरत नाही. जुलाब करणाऱ्या जंतूशी, बऱ्याचदा कॅम्पायलोबॅक्टरशी, लढायला तयार झालेली प्रतिकारशक्ती चुकून धाग्यावर किंवा धाग्याच्या आवरणावर हल्ला करते. आवरणच खराब झालं असेल तर ते काही आठवड्यांत-महिन्यांत पुन्हा बनतं. आतला धागा तुटला असेल तर मेरुरज्जूतली जिवंत पेशी तो नव्याने वाढवते, पण दिवसाला साधारण एक मिलिमीटर. मांडीपासून पावलापर्यंतचं अंतर मोजा म्हणजे काही पेशंटांना वर्ष का लागतं ते कळेल. बाबांना बधिरपणा आला तोही यामुळेच. हल्ला नसेवर असल्याने संवेदनेचे धागेही सापडले. पोलिओत पेशीच गेली, वाढवणार कोण?

झोपाळू

माझ्या पापणीला कुणी वाली आहे का?

टाचदुखी

आहे आहे. पापणीच्या कडेच्या स्नायूतली एक-दोन मोटर युनिटं वरून काही निरोप नसताना आपापली चेततात, बाकी काही नाही. झोप कमी, चहा-कॉफी जास्त, दिवसभर स्क्रीन. आयडी बघता पहिलं कारण बसत नाही, उरलेली तपासा. पोटरीत, दंडात असं फुरफुरणं निरोगी माणसांतही खूप दिसतं.

मोटर न्यूरॉन डिसीजमध्ये फुरफुर असते, पण सोबत ताकद जाते आणि जातच राहते: शर्टाचं बटण लागत नाही, चप्पल पायातून निसटते, जीभ जड होते, स्नायू झडतो. त्यात वरच्या आणि खालच्या दोन्ही पेशी मरत जातात, त्यामुळे एकाच हातात स्नायू झडलेला आणि झटका मात्र जोरदार, असं विचित्र चित्र दिसतं. डोळा फिरवणारे स्नायू बहुधा शेवटपर्यंत वाचतात; स्टीफन हॉकिंग यांना १९६३ मध्ये निदान झालं आणि ते २०१८ पर्यंत जगले, पण एवढं आयुष्य फार थोड्यांना मिळतं, बहुतेकांना दोन ते पाच वर्षं. म्हणूनच नुसत्या पापणीवरून ते नाव घेऊन रात्र जागवू नका. महिनाभर थांबली नाही, किंवा गालही ओढला जायला लागला, तर डॉक्टरांना दाखवा.

आजी आणि गूगलमध्ये माझं मत आजीला.

गुळपोळी

टाचदुखीताई, भूलथापा, खरंच किती आभार मानू! मामांना वाचून दाखवलं. डास कळतो का विचारल्यावर म्हणाले, ‘चांगलाच कळतो.’

आता खरी अडचण. मामा म्हणतात, पाय कमजोर झाला म्हणजे व्यायाम वाढवायला हवा, आणि रोज पहाटे सिद्धेश्वर तलावापर्यंत चालत जातात. परत येतात ते घामाघूम होऊन, दुपारी दुकानात पाय थरथरतात. थांबवू का?

टाचदुखी

थांबवू नका, तुकडे करा. लहानपणी त्यांना सगळ्यांनी ‘जोर लाव, अजून लाव’ म्हणूनच उभं केलं असणार, त्या पिढीच्या सगळ्याच पेशंटांना हे पटवणं अवघड जातं. पण उरलेल्या पेशी आधीच ओढाताणीत आहेत. दहा मिनिटं चालणं, बाकावर बसणं, पुन्हा दहा मिनिटं. पाय थरथरायच्या आत थांबायचं, नंतर नाही. आज केलेल्या व्यायामाने उद्याही पाय दुखत असेल तर तो जास्त झाला, पुढच्या वेळी निम्मा. जिथे जवळपास शाबूत ताकद आहे ते स्नायू, दंड, खांदे, हलक्या वजनाने जरूर वाढवा. तलावाच्या काठाने चालण्यापेक्षा एखाद्या टाकीत, छातीइतक्या पाण्यात चाललेलं उत्तम.

दुकानात उंच स्टूल ठेवा, थान उलगडायला उभं राहायची गरज नाही. काठीला नाही म्हणत असतील तर एकदा दोन्ही पायांची उंची मोजून बुटाला तळ वाढवून बघा. पाऊण इंचाच्या फरकाने कंबरेवरचा भार बदलतो. वजन वाढू देऊ नका. रात्री घोरणं वाढलंय का, सकाळी डोकं जड असतं का, हेही विचारा. श्वासाच्या स्नायूंचा प्रश्न असेल तर तो आधी झोपेत दिसतो, आणि तो डॉक्टरांना सांगायला हवा.

गुळपोळी

घोरणं आहेच, पण ते मला वाटतं आमच्या खानदानीत आहे. विचारते. आणि अजून एक, मामांचं दिवाळीनंतर हर्नियाचं ऑपरेशन ठरतंय. त्याचा याच्याशी काही संबंध?

भूलथापा

आहे, आणि विचारलंत ते फार बरं केलंत. पोलिओ झालेली माणसं स्नायू ढिले करणाऱ्या औषधांना जास्त संवेदनशील असू शकतात, त्यांना मात्रा कमी लागते आणि उतरायला वेळ लागतो. झोपेच्या औषधांतूनही सावकाश बाहेर येतात. सक्सामेथोनियम नावाचं एक औषध तर आम्ही अशा पेशंटमध्ये शक्यतो टाळतो. थंडीचा त्रास जास्त होतो, ऑपरेशन थिएटरमध्ये पायांवर पांघरूण ठेवायला सांगा. हर्निया कंबरेखाली भूल देऊनही करता येतो, पण कुठली पद्धत बरी ते मामांना तपासणारे भूलतज्ज्ञच ठरवतील.

मुख्य म्हणजे त्यांना आधी भेटा, ऑपरेशनच्या दिवशी टेबलावर नाही, आठवडाभर आधी. ‘लहानपणी पोलिओ झाला होता’ एवढं सांगून थांबू नका. बारीक पाय त्यांना दिसेलच. डावा पायही अशक्त होतोय, ईएमजीचा रिपोर्ट आहे आणि रात्री घोरतात, हे तिन्ही सांगा. ईएमजीची झेरॉक्स फाइलला लावून द्या.

गुळपोळी

झेरॉक्स आजच काढते.